दहा गुंठ्यांचं कुंपण आणि तीन कोटेशनं

आमच्या दापोली तालुक्यातल्या घराला चार बाजू आहेत आणि चारही बाजूंचा ताप वेगळा. पुढे गावरस्ता, तिथून मोकाट गुरं शिरतात. उजव्या हाताला चुलत घर. तिथून कोंबड्या आणि भाऊबंदकी. डाव्या हाताला पऱ्या, म्हणजे ओढा. तो पावसाळ्यात स्वतःच अंगणात यायला बघतो. मागे आमचीच थोडी काजूची झाडं, त्यापलीकडे रान, आणि रानात डुकरं. माकडं चारही बाजूंनी येतात, पण त्यांचा विषय पुढे.

घर सासरचं. सासूबाई बारा महिने तिथेच असतात, आम्ही डोंबिवलीहून जाऊन-येऊन. निवृत्त होईपर्यंत मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. कोटेशनं मागवायची, दर ताडून बघायचे, माल आला की वजन आणि बिल जुळवायचं, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे कुंपणाचं काम काढायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने "तूच बघ, तुला सवय आहे" म्हणून अंग काढून घेतलं. मला बरंच वाटलं. त्यांनी बघितलं असतं तर पहिल्या माणसाला काम देऊन मोकळे झाले असते.

धड कुंपण असं गेल्या काही वर्षांत उरलंच नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मागच्या हद्दीवरचा फणस आडवा झाला तो थेट तारेच्या जाळीवर. त्या वर्षी दापोली-मंडणगडकडे बागाच्या बागा झोपल्या होत्या; आधी कौलं आणि पत्रे, मग वीज, मग झाडं उचलणं, आणि कुंपण सगळ्यात शेवटी, असाच प्रत्येक घराचा क्रम होता. आमचा शेवट आलाच नाही. जिथे जाळी फाटली तिथे काटेरी फांद्या दडपल्या, खांब मोडला तिथे बांबू रोवला, एके ठिकाणी पत्रा उभा केला, आणि डुकरं बिचकावीत म्हणून सासूबाईंनी जुन्या साड्या ताणून बांधल्या. डुकरं थोडे दिवस बिचकली. मग साड्यांच्या खालून येऊन त्यांनी सुरण आणि करांदे उकरून खाल्ले. करांदे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता माणूस बोलवा."

माणसं तीन आली. खरं म्हणजे दोन आली आणि एकाने फोनवरच काम आटोपलं.

त्या पहिल्याने व्हॉट्सॲपवर फोटो मागवले, "जागेची लांबी सांगा" म्हणाला, आणि तासाभरात कोटेशन पाठवलं. एक ओळ: चेनलिंक फेन्सिंग, ४५० फूट, मटेरियल आणि मजुरीसह, आणि पुढे आकडा. जाळी किती गेजची, असं विचारलं तर "एक नंबर क्वालिटी, मॅडम." खांब कसले? "हेवी." खड्डा किती? "पाहिजे तेवढा." खरेदी विभागात असल्या कोटेशनवर आम्ही शेरा मारायचो, "तपशील अपूर्ण, परत पाठवावे." इथे परत पाठवायलाही काही नव्हतं.

दुसरा रेडिमेड कंपाऊंडवाला. सिमेंटचे खाचा असलेले खांब उभे करायचे आणि खाचांमध्ये फळ्या सरकवत जायचं. हा माणूस नीटनेटका होता, जागेवर आला, मापं घेतली, छापील पत्रक दिलं. सपाट जागेला ही भिंत चांगलीच आहे. झटपट उभी राहते, आतलं बाहेर दिसत नाही, गंजायचा प्रश्न नाही. पण आमची जागा रस्त्याकडून पऱ्याकडे उतरती आहे. उतारावर ही भिंत पायऱ्या-पायऱ्यांनी घ्यावी लागते, प्रत्येक पायरीखाली फट राहते आणि त्या फटी बुजवायला वेगळं बांधकाम. त्यात दापोलीचा पाऊस. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, ते वरून वाहत येऊन सलग भिंतीला अडलं की भिंतीमागची माती फुगते आणि भिंत ढकलते. पाणी जायला वाट कुठे ठेवणार, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "खालून काढून घ्या ना तुम्ही गटार." म्हणजे ते काम त्यांच्या दरात नव्हतं.

तिसरा माणूस शेजारच्या गावातला. मूळ धंदा वेल्डिंगचा, पण आंब्याच्या बागांना जाळी मारून मारून आता कुंपणाचाच कंत्राटदार झालेला. मोटरसायकलवर आला, मागे पहार बांधलेली. चहा नको म्हणाला, आधी हद्द फिरू या म्हणाला. फिरता फिरता पहिला प्रश्न, "वहिनी, डुकरं कुठनं येतात?" मी हात करून दाखवलं. तो तिथे वाकला, खुरांचे माग बघितले, केस अडकलेत का म्हणून फाटक्या जाळीला हात लावला. मग सबंध हद्दीवर दर काही पावलांवर पहार आपटत चालला. कुठे ठण्ण आवाज, कुठे बद्द. "हितं जांभा आहे, हितं भराव आहे, हितं नुसती माती." मला म्हणाला, जांभ्यात खड्डा मारायला वेळ लागतो पण एकदा खांब बसला की हलत नाही, भरावात खड्डा चुटकीसरशी होतो आणि खांब पण चुटकीसरशी कलतो. म्हणून भरावाच्या टप्प्यात खड्डे जास्त खोल आणि रुंद धरावे लागतील. काम याला द्यायचं हे माझ्या मनात तिथेच पक्कं झालं. अर्थात तसं मी दाखवलं नाही. दर ठरायचा होता.

आणि माकडांचं. मी विचारलं, जाळीची उंची वाढवली तर माकडं थांबतील का? तो हसला. "माकडासाठी कुंपण माझ्याकडे नाही, वहिनी. कुणी देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका." आधीच्या दोघांपैकी एकाने सहा फुटी जाळी मारली की माकड येणार नाही असं ठामपणे सांगितलं होतं. माकडाला जाळी म्हणजे शिडी.

आता जाळीचं गणित, कारण सगळ्यात जास्त गोंधळ यातच असतो. तारेचा गेज जितका मोठा तितकी तार बारीक. १० गेज म्हणजे साधारण सव्वातीन मिलिमीटर, १२ गेज म्हणजे अडीचच्या थोडी वर, १४ गेज म्हणजे दोन. ऐकायला १० आणि १२ जवळजवळ वाटतात, पण वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे त्याच भोकाची १० गेजची जाळी १२ गेजपेक्षा दीडपट जड भरते. जाळी किलोवर विकली जाते, म्हणजे दीडपट महाग. दुसरीकडे भोक जितकं मोठं तितकी तार कमी लागते. दोन इंची भोकाऐवजी तीन इंची घेतलं तर तार दोन तृतीयांशावर येते. म्हणजे १२ गेज दोन इंची आणि १० गेज तीन इंची, या दोन जाळ्यांचं दर फुटाला वजन जवळजवळ सारखंच. पैसेही सारखेच. पण काम अगदी वेगळं. कोंबड्या आणि कुत्री अडवायची तर बारीक भोक. डुकराची मुसंडी सोसायची तर जाड तार. कोटेशनमध्ये नुसतं "चेनलिंक" लिहिलं असेल तर यातलं काय मिळणार हे देवाला ठाऊक.

हे मी वहीवर मांडून दाखवलं तेव्हा कंत्राटदार माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागला. "वहिनी तुम्ही इंजिनियर का?" नाही हो, बिलं तपासायचे. मग मागच्या बाजूला १० गेज तीन इंची, चुलत घराच्या बाजूला जुना दगडी गडगा दुरुस्त करायचा आणि त्याच्या पायथ्याला कोंबड्यांसाठी बारीक जाळीची पट्टी, असं ठरलं. सगळीकडे एकच माल ओढायचा नाही.

गंजाचा मुद्दा कोकणात टाळता येत नाही. समुद्र आमच्यापासून दोन डोंगर पलीकडे आहे, पण खारा वारा डोंगर मोजत बसत नाही. तारेवर जस्ताचा थर किती जाड आहे यावर तिचं आयुष्य ठरतं, आणि तो थर डोळ्यांना दिसत नाही. नवी जाळी सगळीच चकचकीत असते. भारतीय मानकांमध्ये चेनलिंक जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ आहे. ज्या दुकानातून माल येणार त्यांच्या बिलावर गेज, भोक, वजन आणि जमलं तर हा क्रमांक लिहून घ्या, असा मी हट्ट धरला. कंत्राटदाराने दुकानाचं नाव आधीच सांगितलं आणि "तुम्हीच चला, तुमच्या समोर वजन करू" म्हणाला. गेले. पर्समधून तारेची जाडी मोजायचं व्हर्नियर काढलं तेव्हा काट्यावरचा मुलगा दचकला.

खांबांच्या लोखंडी अँगलचंही तसंच. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला तीन किलो भरतो. सात फुटांचा एक नग म्हणजे सहा किलो चारशेच्या जवळपास. तोच चार मिलिमीटरचा निघाला तर पाच किलोच्या किंचित वर. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. दहा नग काट्यावर टाकले की उत्तर मिळतं, वाद घालावा लागत नाही. दर मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लोखंडाचा भाव सतत हलतो आणि माझा आकडा वाचून कुणी आपल्या कंत्राटदाराशी भांडायला जायला नको. त्या दिवशीचा किलोचा भाव दोन दुकानांत विचारा, तेवढं पुरतं.

काम सुरू व्हायच्या आधी कंत्राटदाराने मला एक गोष्ट निक्षून सांगितली. "हद्दीचे दगड तुम्ही दाखवायचे. मी दोरी मारीन. हद्द मी ठरवणार नाही." नंतर कळलं की एका बागेत मालकाने "इथून इथे" असा हात केला, याने जाळी मारली, आणि शेजाऱ्याने सगळी मेहनत उपटायला लावली, मजुरीचे पैसे अडकले ते याचेच. आमच्याकडे वाटणीच्या वेळी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झालेली होती आणि नकाशाची क प्रत सासूबाईंच्या कपाटात साड्यांखाली व्यवस्थित होती. ज्यांची मोजणी झालेली नाही त्यांनी आधी मोजणीचा अर्ज करावा. शेजारच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो, सगळ्यांसमोर खुणा होतात. वेळ जातो, हे खरं. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द जमिनीवर कुठून जाते ते त्यात नसतं, आणि कुंपण नेमकं त्या रेषेवर उभं राहणार असतं.

खुणा सापडल्या तरी चुलत घराच्या बाजूचा प्रश्न सुटला नाही. तिथे जुना जांभ्याचा गडगा आहे, बिनगाऱ्याचा, नुसता दगडावर दगड रचलेला. रुंदी दोन फुटांच्या आसपास. नकाशावरची रेषा म्हणजे पेन्सिलीची जाडी. मग हे दोन फूट कुणाचे? आमच्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, त्यांचं म्हणणं गडगा पूर्ण त्यांच्या सासऱ्यांनी घातलेला. आमच्या सासूबाईंचं म्हणणं दगड आमच्या खाणीतले. दोघींची वयं मिळून दीडशेच्या वर, आणि दोघींना गडगा घातला तेव्हाचं काही आठवणं शक्य नाही. मी दोघींना चहाला बसवलं आणि म्हटलं, गडगा आहे त्याच पायावर राहील, इंचभरही सरकणार नाही, पडलेला भाग तेवढा उभा करू. दगड जागेवर आहेतच, मजुरी आम्ही देतो. काकू म्हणाल्या, "मजुरी निम्मी आमची. नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल गडगा तुमचा." हुशार बाई. दोन्ही घरांच्या सह्यांचा कागद केला आणि त्याची एकेक प्रत दोघींच्या कपाटात गेली.

गडगा रचणारा माणूस मात्र कंत्राटदाराकडे नव्हता. त्यानेच कबूल केलं की हे काम आता मोजक्या लोकांना येतं, आणि वरच्या वाडीतल्या एका आजोबांना घेऊन आला. आजोबा रोजावर आले, सोबत नातू दगड द्यायला. आधी पडलेला भाग आणखी पाडला. मला वाटलं वाढीव रोज लावतायत, पण नाही, ढिला दगड ठेवून वर रचलं तर तिथूनच परत सुटतं. तळाला थोरले दगड, दोन्ही तोंडं किंचित आत झुकलेली, मधे बारीक खपऱ्यांची भर, आणि ठरावीक अंतरावर एक लांब दगड आरपार, दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा. गारा नाही, सिमेंट नाही. मी विचारलं, थोडं सिमेंट मारू का वरून? आजोबा म्हणाले, "पाणी कुठनं जाईल मग?" रेडिमेड भिंतवाल्याला मी विचारलेला प्रश्न मलाच परत आला. बिनगाऱ्याच्या गडग्यातून पाणी झिरपून निघून जातं, म्हणून तो पाण्याने सहसा पडत नाही. पडतो तो झाडाच्या मुळांनी, वरून उड्या मारणाऱ्या पोरांनी आणि पानं-वेली वेळच्या वेळी न काढणाऱ्या मालकांनी.

मागच्या बाजूचं जाळीचं काम डिसेंबरात झालं, आणि तो काळ कंत्राटदारानेच निवडला. पावसाची ओल जमिनीत असते तोवर खड्डे निघतात. मे महिन्यात तोच जांभा लोखंडासारखा होतो, आणि तेव्हा सगळ्या गावाला पावसाआधी कुंपण हवं असतं. जानेवारीनंतर तर माणसं आंब्याच्या फवारणीला जातात, मजूर मिळत नाहीत. दिवाळी झाली की कुंपणवाल्याला गाठा, एवढंच सांगेन.

सगळ्यात जास्त वेळ मी खड्ड्यांशी उभी राहिले. कारण जाळी, खांब, रंग हे सगळं नंतरही बघता येतं. खड्डा एकदा भरला की तो किती होता हे कुणी सांगू शकत नाही. कबूल केलेली खोली दोन फूट, भरावात अडीच. सात फुटी अँगल, पाच फूट वर, दोन फूट आत. भरावातल्या खांबांना साडेसात फुटी नग. अँगलच्या तळाला आडवा तुकडा वेल्ड केलेला, म्हणजे खांब काँक्रीटमध्ये फिरत नाही आणि उपटून येत नाही. वाळू खाडीची चालणार नाही हे मी कागदावर लिहून घेतलं होतं, कारण तिच्यात मीठ असतं आणि मीठ लोखंडाला आतून खातं. आपल्याकडे खाडीची रेती सहज मिळते म्हणून सर्रास वापरतात. त्याने क्रशरची आणली. काँक्रीट जमिनीच्या पातळीला सपाट न सोडता थोडं वर काढून चारी बाजूंना उतार दिला. अँगल गंजतो तो जिथे मातीतून बाहेर येतो तिथेच, पाणी साचून. ही टोपी दिली की पाणी तिथे थांबत नाही.

मग पाणी मारणं. खांब बसवून पोरं दुसऱ्या कामावर गेली, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ काँक्रीटवर पाणी कोण मारणार, हा प्रश्न कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही. आम्ही लिहिला होता. सासूबाई मारणार, असं. त्यांनी प्रत्येक खांबाच्या बुडाला भिजलेलं गोणपाट गुंडाळलं आणि जाळी ओढायला आलेल्या पोरांना ओलावा तपासूनच हात लावू दिला.

जाळी ओढली जाते ती कोपऱ्यांच्या जिवावर. मधले खांब नुसते जाळी उभी धरतात. सगळा ताण दोन टोकांच्या खांबांवर येतो. म्हणून कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही दिशांना तिरके टेकू लागतात, आणि त्या टेकूंनाही स्वतःचे खड्डे आणि काँक्रीट. स्वस्तातलं कोटेशन नेमकं इथे स्वस्त झालेलं असतं. टेकू नाहीत, किंवा आहेत पण मातीत नुसते टेकवलेले. जाळी पहिले काही महिने ताठ दिसते, मग कोपरा आत कलतो आणि सगळी ओळ पोट सोडते. आमच्याकडे सबंध लांबीभर तीन आडव्या तारा, वर, मधे आणि तळाला, टर्नबकलने ताणलेल्या, आणि त्यांना जाळी बांधलेली. तळाची तार काटेरी, आणि जाळीच्या बुडाशी जांभ्याच्या दगडांची ओळ अर्धी मातीत पुरलेली. डुक्कर जाळी फाडत नाही, ते मुसकट घालून जाळी खालून उचलतं. त्याला उचलायला काही मिळू नये, एवढीच युक्ती. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं म्हणून तिथे आधी झिंकचा प्रायमर आणि मग रंग. बाकी अँगलना रेड ऑक्साईड आणि दोन हात ऑइलपेंट.

गावातल्या एका शहाण्याने मधेच सल्ला दिला, "तारेत करंट सोडा, एका रात्रीत डुकरं बंद." घरचा वीजपुरवठा कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेलेली आहेत. सौर बॅटरीवर चालणारं झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही. पण दहा गुंठ्यांना ते हवंच कशाला? सासूबाईंनी तर ऐकूनच घेतलं नाही.

पऱ्याच्या बाजूला कंत्राटदाराला काहीच करू दिलं नाही, तेही त्याच्याच सल्ल्याने. तिथे खांब लावले तरी एखाद्या श्रावणात पाणी कचरा आणून जाळीवर चढवतं आणि खांबासकट घेऊन जातं. तिथे सासूबाईंची वई, म्हणजे झाडाच्या फांद्यांचं जिवंत कुंपण. पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या जवळ जवळ रोवल्या, मधे चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, कांबी आडव्या बांधल्या. फांद्या फुटल्या की तेच खांब. दर वर्षी छाटायचं, पाला खताला. पाणी जिथे हद्दीतून वाहतं तिथे बांबूची झडप वरच्या तारेला टांगून ठेवली आहे. पाणी वाढलं की ती आपोआप वर उचलली जाते, ओसरलं की खाली येते. याचा खर्च शून्याजवळ, आणि कुठलाही कंत्राटदार हे कोटेशनमध्ये लिहिणार नाही कारण यात त्याला मिळायचं काही नाही. आमच्याने तोंडाने सांगितलं, हे मी त्याच्या खात्यात जमा धरते.

पैशांचा व्यवहार तीन टप्प्यांत. माल आणायला एक हप्ता, आणि तो मालाच्या बिलासमोर. खांबांचं काँक्रीट झाल्यावर दुसरा. जाळी ओढून रंग झाल्यावर उरलेला, पण त्यातले दहा टक्के पहिला पाऊस बघून. हे शेवटचं ऐकून तो जरा नाराज झाला. गावाकडे असं कुणी करत नाही, म्हणाला. मी म्हटलं, कारखान्यात सगळ्यांना करायचो, तुमच्यावर अविश्वास नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गणपतीला मी दर्शनाला येणारच तुमच्याकडे. तेव्हा द्या." जुनी जाळी आणि मोडके खांब भंगारात कुणी घालायचे, हेही आधी ठरवून घ्यावं. आमच्याकडे ते त्याने नेले आणि तेवढी रक्कम मजुरीतून वजा केली. यावरून होणारी भांडणं मी गावात दोनदा ऐकली आहेत.

कामाच्या दिवसांत चहा आमचा, जेवण त्यांचं. पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी घावणे घातले आणि मग तो नियम मोडला तो मोडलाच.

गणपतीला तो खरंच आला. आरती झाल्यावर टोपी खिशात घालून मागे गेला, भर पावसात सगळी ओळ चालला, कोपऱ्याच्या प्रत्येक खांबाला खांदा लावून ढकलून बघितलं. भरावातला एक खांब बोटभर हलत होता. माझ्या आधी त्यानेच तो दाखवला, आणि पाऊस ओसरल्यावर येऊन त्याच्या बुडाशी दगड ठोकून काँक्रीट वाढवून गेला. डुकरं येतात, जाळीच्या कडेने फिरतात, माग दिसतात. करांदे यंदा घरात आले. माकडांनी पपई नेहमीप्रमाणे नेली.

रस्त्याकडच्या फाटकाची कडी तेवढी अजून अडते. पावसात खांब किंचित उतरला आणि कडी भोकाच्या खाली गेली. फाटक उचलून लावावं लागतं. "दिवाळीनंतर बघतो," म्हणाला. दहा टक्क्यांतले पाचशे रुपये मी त्या कडीपोटी ठेवून घेतले आहेत, आणि त्याने ते मोजून बघितले आहेत.